भोकाचा झेंडा

फाटकी चिरगुटं फेकायच्या ऐवजी गोजराबाईनं एक दिवस त्यांचे दोन झेंडे केले, आणि तिथूनच जगदेवचं बिनसलं.

कारंज्याजवळच्या रेल्वे फाटकावर माणूस घ्यायचा होता. नोकरीबरोबर खोली मिळणार होती आणि गोजराबाईचा सगळा जीव त्या खोलीत होता. कामरगावला ती दोघं जगदेवच्या थोरल्या भावाच्या घरात राहत. जाऊबाई सोजरबाई वाढताना भाकरीकडे न बघता खाणाऱ्याकडे बघायची. गोजराबाईला आपली वेगळी चूल हवी होती. बाकी काही तिनं कधी मागितलं नव्हतं.

"तांबडा म्हंजे थांब, हिरवा म्हंजे जा," ती नवऱ्याला शिकवायची. "सायेब हेच इचारते म्हने."

गोठ्यामागं उभी राहून ती झेंडा वर करायची आणि जगदेव तोंडानं भकभक करत आगगाडीसारखा धावत यायचा. सोजरबाई ओट्यावरून ओरडायची, "भाऊजी, गाडी झालेच तं जरा शेन बी वाहून न्या!"

पण जगदेव एकदाही चुकला नाही. तांबड्या झेंड्याला चुलीतली ठिणगी पडून भोक झालं होतं, ते तो बघायचा. (त्यात लबाडी नव्हती हो. लोक तांबडं-हिरवं कशावरून ओळखतात, याचं त्याला लहानपणापासून नवल वाटे. आता कुठं ते आपल्याला उमगलं, अशा समजुतीत बिचारा खूश होता.)

मुलाखतीच्या दिवशी तो पहाटेच निघून ठेसनावर पोचला. टेबलामागं गोरा साहेब बसला होता. त्याचं बोलणं सांगायला बाजूला बाबू होता.

बाबूनं विचारलं, "गाडीची येळ झाली, अन् पाटील म्हनते फाटक उघड. मंग?"

"पाटील असो का पाटलाचा सासरा. फाटक बंद."

"शिव्या देल्ल्या तं?"

"घरी बी खातो बाबूसायेब. सवय हाये."

बाबूनं ते इंग्रजीत सांगितलं. साहेब मोठ्यानं हसला. खोली मिळाली, असं जगदेवला वाटलं.

मग बाबू फलाटावर थोडा लांब जाऊन उभा राहिला आणि त्यानं एक झेंडा वर केला. कोरा करकरीत झेंडा. जगदेवनं डोळे ताणले.

"दुसरा दाखवा जी."

दुसराही कोराच.

"बाबूसायेब, याच्यातला भोकाचा कोनता?"

"रेल्वेच्या झेंड्याले भोक? फाटके झेंडे वापरतो काय आमी?"

"तसं नाई जी. पन तांबड्याले असते ना!"

"सांग लवकर, गाडी येऊन राह्यली!" बाबूनं हातातला झेंडा हलवला.

"जाऊ द्या!" जगदेव घाबरून ओरडला.

"गेली," बाबू झेंडा खाली करत म्हणाला. "तांबडा होता. गाडी गेली अन् मानसं बी गेली."

साहेबानं रंगीत लोकरीच्या लडी त्याच्यापुढं ठेवून रंगाप्रमाणं वेगळे ढीग लावायला सांगितलं. जगदेवनं लावलेल्या ढिगांत तांबडं-हिरवं एकत्रच होतं. साहेब बाबूशी हळू आवाजात काही बोलला.

"तुले तांबडं अन् हिरवं येगळं दिसत नाई म्हनते सायेब."

"दिसते ना जी! त्या निंबावरचा कावळा दिसते मले."

"कावळा काळा असते, बाप्पा."

साहेबानं उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. शिव्यांची जगदेवला सवय होती. अशा हाताची नव्हती.

तो घरी आला तेव्हा गोजराबाई गोठ्यामागं बसून नव्या खोलीसाठी मातीची चूल घडवत होती. कोपरापर्यंत हात मातीनं भरलेले. त्यानं सगळं सांगितलं. अर्धी झालेली चूल हळूच दाबून तिनं पुन्हा मातीचा गोळा केला.

"इतक्या दिवसांत मले काहून नाई सांगतलं?"

"मलेच कुठं ठाव होतं?"

ती गोळा मळू लागली. मग एकदम म्हणाली, "गेल्या खेपेच्या दिवाळीले तुमी दोन लुगडे आनले. मी तांबडं सांगतलं होतं. तुमी तांबडं वयनीले देल्लं अन् मले हिरवं."

"अस्सं झालं काय?"

"मले वाटलं, तुमाले बी तिचाच धाक. लय रडली मी तवा. तुमाले दिसू देल्लं नाई."

"मले दोन्ही सारखेच दिसले, गोजरे. हातानं चाचपून पाह्यलं. जे मऊ लागलं, ते तुले देल्लं."

गोजराबाईनं मातीचे हात तसेच तोंडावर धरले. ती रडते आहे की हसते आहे, तेही त्याला ओळखता येईना.

"मऊ होतं म्हनूनच वर्साच्या आत फाटलं ना वो!" ती हातांआडून म्हणाली. "तिचं पाहा, अजून जसंच्या तसं हाये."

"मंग औंदा जाड पाहून आनतो."

"तुमी नका पाहू आता काई," ती नाक पुसत म्हणाली. "मी येतो संग. तुमी फक्त थैली धरजा."