मिसळल्याचा दाखला

रत्नागिरीतल्या ‘सलोखा’ गृहनिर्माण संस्थेच्या कार्यकारिणीने एकमताने ठरवलं, की तिसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू इर्शाद अन्सारी हे आपल्यात मिसळले आहेत किंवा कसे, याची रीतसर तपासणी व्हावी. इर्शाद मूळचा बिहारचा. पंधरा वर्षं जयगडला बंदरावर क्रेन चालवून, मुलीच्या शाळेसाठी गेल्या एप्रिलात शहरात राहायला आला. भाडेकरार फेब्रुवारीअखेर संपत होता, तो वाढवून मिळावा असा त्याचा अर्ज होता आणि मुलीची, नाझनीनची, दहावीची परीक्षा मार्चात होती.

सेक्रेटरी काशीराम त्याच्या समोरच्याच दारात राहत. सरकारी कचेरीत आयुष्य गेलेला सरळ माणूस. कुणावर अन्याय नको, म्हणून त्यांनी शंभर गुणांची प्रश्नपत्रिका स्वतः काढली.

“मराठी येतं का?” तपासणी समितीतल्या दर्शना मॅडमनी विचारलं.

“येतंय की मॅडम. पंधरा वर्सं जयगडात काढली. मासळीवाली काय माज्याशी हिंदी बोलनार हाय?”

“हे प्रमाण मराठी नाही,” मॅडम म्हणाल्या. दोन गुण गेले.

गणपतीत शिडीवर चढून मूर्तीवरची फळापानांची माटवी इर्शादनेच बांधली होती. तिथे ‘उत्साह गरजेपेक्षा जास्त’ असा शेरा पडला. दिवाळीत काशीरामांच्या पत्नीला, सगुणाबाईंना चक्कर आली, तेव्हा यानेच त्यांना पाठीवर घेऊन तीन जिने उतरवले होते. त्यासाठी ‘इतरांच्या घरात विनापरवाना प्रवेश’ या रकान्यात तीन गुण कापावे लागले. ते लिहिताना काशीरामांना मनापासून वाईट वाटलं, पण दुसरा रकानाच नव्हता.

बेरीज झाली एक्क्याण्णव. मग लक्षात आलं, की पास किती गुणांना करायचं हे ठरवायचंच राहिलं. काशीरामांनी तोडगा काढला: उरलेल्या पंधरा घरांनीही परीक्षा द्यावी, त्यांची सरासरी तो मापदंड. प्रश्न नववा सक्तीचा होता. शेजारच्या घरातल्या माणसांची नावं लिहा. (वाचकांनीही सोडवून पाहायला हरकत नाही, कुणी तपासणार नाही.) दर्शना मॅडमनी ‘बहुधा मोरे’ असं लिहिलं. सहा वर्षं तिथे पांचाळ राहत होते. सरासरी आली अकरा. काशीरामांना चौदा मिळाले आणि ते पहिले आले.

“म्हंजे पास झाला तो!” सगुणाबाई घरी म्हणाल्या.

“तसं नसतं गो. मिसळनं म्हंजे चार लोकांसारखं होनं. हितं कोन कोनात मिसळत नाय. ह्यो एकटाच सगळ्यांत मिसळतो. मग वेगळा कोन पडला? ऐंशी गुणांचा फरक हाय, थोडाथोडका नाय.”

“आनि मला पाठीवर घेतलं ते?”

“त्येचे कापलेत,” काशीराम म्हणाले आणि पान उलटलं.

अर्ज नामंजूर झाल्याचं पत्र गेलं. खाली काशीरामांनी आपुलकीने एक ओळ घातली होती: पंधरा दिवसांत सुधारणा दिसल्यास फेरविचार होईल.

इर्शादने पत्र दोनदा वाचलं आणि दार लावून घेतलं. जिन्यात कुणी भेटलं तर तो भिंतीकडे बघू लागला. दर्शना मॅडमची पिशवी फुटून कांदे पायऱ्यांवरून घरंगळले, तेव्हा तो कांदे ओलांडून गेला. समितीने याची समाधानाने नोंद घेतली. पंधराव्या दिवशी त्याला बरोबर अकरा गुण पडले आणि ‘गुण पुन्हा वाढल्यास रद्द’ या अटीवर करार वाढला. काशीराम दाखला घेऊन गेले तर दारातल्या बाहेर बघायच्या भिंगामागे कुणीतरी उभं राहिलं, पण दार उघडलं नाही. त्यांनी कौतुकाने कागद फटीतून आत सरकवला.

मार्चच्या पहिल्याच आठवड्यात सगुणाबाईंना पुन्हा चक्कर आली. त्या मोरीच्या उंबऱ्यावर पडल्या, डोक्याला खोक पडली. एकट्याने उचलवेना, म्हणून काशीराम जिन्यात धावले आणि तिथेच थबकले. हाक मारायची तर नाव हवं. पंधरा दारांमागच्या माणसांपैकी एकाच माणसाचं नाव त्यांना तोंडपाठ होतं.

“इर्शाद! अरे इर्शाद, धाव रे बाबा!”

समोरच्या दाराचं भिंग काळं झालं. आतून नाझनीनचा रडवेला आवाज आला, “अब्बा, उघडू?”



“थांब बेटा,” इर्शाद म्हणाला. “तुझी परीक्षा होऊ दे.”