सीमेवर अडवलेलं वर्ष

एकतीस डिसेंबरला सकाळी पुढचं वर्ष शेळ्यांच्या ट्रकमधून उत्तर सीमेच्या चौकीवर उतरलं, आणि कारकून हाडिझाने नियमाप्रमाणे त्याची कागदपत्रं मागितली.

पश्चिम आफ्रिकेतल्या त्या देशात लष्कराची राजवट होती. निवडणुका पुढच्या वर्षी नोव्हेंबरात घेऊ, असं जनरलसाहेब रेडिओवर बोलून बसले होते. साहजिकच चौकीला आदेश आला : पुढच्या वर्षाला आत सोडू नये.

"किती थांबावं लागेल?" वर्षाने विचारलं.

"दुसरा आदेश येईपर्यंत. तिकडे कडुनिंबाखाली बसा. माठात पाणी आहे."

आपली पत्र्याची ट्रंक घेऊन वर्ष मुकाट्याने बसलं. देशात बत्तीस डिसेंबर उजाडला, मग तेहेतीस. मुलं त्याच वर्गात राहिली. शंभर तारीख उलटेपर्यंत लोकांच्या ते अंगवळणी पडलं.

हाडिझाला मात्र चैन पडेना. तिचा नवरा, लावाली मास्तर, तुरुंगात होता. मुलांना त्याने 'मतदान' या विषयावर निबंध लिहायला सांगितला होता. सुटकेची तारीख होती नऊ फेब्रुवारी.

डिसेंबरच्या एकशे अठ्ठेचाळीस तारखेला ती झाडाखाली गेली. "ट्रंकेत काय आहे हो?"

"महिने," वर्ष म्हणालं. "बघायचेत?"

बारा गाठोडी होती. फेब्रुवारीचं सगळ्यात लहान. त्याला आंब्याच्या वाळलेल्या मोहराचा वास येत होता. ते हातात घेऊन हाडिझा चौकीप्रमुखांकडे, कॅप्टन यारोंकडे गेली.

"साहेब, आदेश वर्षाबद्दल आहे. सामानाबद्दल काहीच लिहिलेलं नाही."

कॅप्टननी कागद उलटसुलट करून पाहिला. "नाही खरं," ते म्हणाले. "घरगुती वापराचं सामान असेल तर शिक्का मारा."

ते गाठोडं घेऊन ती तुरुंगात गेली. जेलरने गाठ सोडली, तारखा मोजल्या आणि लावालीला तिच्या स्वाधीन केलं. तो फार वाळला होता. वाटेत त्याने एकच विचारलं, "निबंध कुणी लिहिला का गं?"

"सगळ्यांनी. माझ्याकडे ठेवलेत."

दुसऱ्या दिवशी हाडिझाच्या खिडकीपुढे रांग लागली होती, आणि सगळ्यात पुढे टोपी काखोटीला मारून कॅप्टन उभे होते.

"ऑगस्ट," ते हळूच म्हणाले. "माझी निवृत्ती आहे."

हाडिझाने शिक्का मारून दिला. त्यांच्यामागे सरपणाची मोळी घेतलेली एक म्हातारी होती.

"मला नोव्हेंबर दे, बाळ."

"घरगुती वापरासाठी?"

"गावासाठी. मत द्यायचंय."

सगळे कॅप्टनकडे बघू लागले. पण ते आता निवृत्त होते, आदेश त्यांना लागू नव्हता. ते झाडाखाली गेले, आणि म्हातारीचे हात मोळीत अडकलेले होते म्हणून त्यांनीच वाकून नोव्हेंबर उचलला.