सातनंतर फोन मावशींकडे

नव्या सत्राची तयारी माझ्याइतकी कसून कोणी केली असेल असं मला वाटत नाही. लोक वह्या घेतात, बॅग धुतात, फार तर केस कापून येतात. मी स्वतःलाच मुळापासून दुरुस्त करायला घेतलं होतं.

तशी वेळच आली होती. मागच्या सत्रात पहाटे चारला झोपायचं आणि नाश्त्याला बिस्किटं खायची, असा माझा दिनक्रम होता. सुट्टीत दोन विषय आणि सहा किलो वजन गमावून घरी गेले, तेव्हा दार उघडून आईने आधी माझ्या मागे पाहिलं, मी कुठे आहे म्हणून. मग घरात बैठक बसली. हॉस्टेलमध्ये शेवटचं एक सत्र काढू द्यायचं. पुन्हा तब्येत ढासळली, तर गाशा गुंडाळून आत्याकडे राहायला जायचं. आत्या निवृत्त मुख्याध्यापिका. तिच्या घरात मांजरसुद्धा वेळापत्रकाप्रमाणे जांभई देतं. शिवाय तिथून कॉलेज दोन तास लांब.

म्हणून मी पक्कं ठरवलं. सकाळी सहाला उठून पळायचं, गोड बंद, रात्री दहाला झोप. आणि या सगळ्याच्या मुळावर उठलेला फोन संध्याकाळी सातपासून सकाळपर्यंत दुसऱ्याच्या ताब्यात. आधी तो खोलीतल्या मैत्रिणीकडे दिला. मी एकदा "ए, दे ना" म्हटलं आणि तिने दिला. असली माणसं पहारेकरी म्हणून कुचकामी.

मग मला मेसच्या मावशी आठवल्या. साखर आणि चहाची पूड त्या कुलुपात ठेवतात आणि किल्ली कमरेला. एकदा त्यांनी खुद्द रेक्टरबाईंना वेळ टळली म्हणून चहा नाकारला होता.

"मावशी, मी रडले, पाया पडले, तरी फोन द्यायचा नाही. आणि गोडाला हात लावू द्यायचा नाही," मी म्हटलं.

"आणि ताप आला म्हणालीस तर?"

"तरी नाही."

"बरं," मावशी म्हणाल्या आणि फोन साखरेच्या डब्याशेजारी ठेवून कुलूप लावलं.

घरी मी यातलं काही कळवलं नव्हतं. महिन्याने गुबगुबीत होऊन दारात उभं राहायचं आणि सगळ्यांची तोंडं बंद करायची, असा बेत होता. आईचा फोन रोज आठला येतो, ही बारीकशी गोष्ट माझ्या लक्षातून गेली. तिला तरी काय दोष द्यायचा, मागच्या सत्रात त्या वेळी मी फोन उचलतच नव्हते.

चार दिवस फोन कपाटात वाजत राहिला. सकाळी आईचे मिस्ड कॉल दिसायचे, पण बेत फुटायला नको म्हणून मी 'मजेत आहे' एवढाच मेसेज टाकायचे. पाचव्या दिवशी मावशींना राहवलं नाही. पुढचं संभाषण त्यांनीच मला नंतर मोठ्या अभिमानाने ऐकवलं.

"ती आता फोनवर येऊ शकत नाही," मावशी म्हणाल्या.

"का? आहे कुठे ती?" आईने विचारलं.

"वर, खोलीत. तिचा फोन मी कुलुपात ठेवते."

"तिने मागितला नाही?"

"मागते की. काल रडलीसुद्धा. पण मी बधले नाही."

"जेवते का हो?"

"उकडलेलं देते. सकाळी सहाला तेवढं बाहेर सोडते. फाटकापर्यंत जाते आणि परत येते. मी खिडकीतून लक्ष ठेवून असते. तुम्ही काळजी करू नका."

एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला आणि बंद केला. हॉस्टेलच्या ऑफिसात सहानंतर कोणी नसतं. आईने त्या रात्री काय केलं असेल, याचा विचार केला की मला अजूनही वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिसरी फेरी मारत होते. चेहरा टोमॅटोसारखा लाल, केस पिंजारलेले. मागून मावशी झारा उगारत येत होत्या, कारण मी दूध न पिता निघाले होते. "थांब म्हणते ना! आधी आत चल!" त्या ओरडत होत्या. तेवढ्यात फाटकात पहिल्या बसने आलेली तीन माणसं दिसली. आई, बाबा आणि रिकामी सुटकेस घेतलेली आत्या.

मी आनंदाने त्यांच्याकडे धावत सुटले. त्यांना काय दिसलं असेल ते तुम्हीच बघा. आईने मला छातीशी धरलं. आत्या छत्री आडवी करून मावशींसमोर उभी राहिली. "खबरदार, एक पाऊल पुढे टाकाल तर," ती म्हणाली. पस्तीस वर्षं वर्ग गप्प करणारा आवाज तो. मावशींनी झारा खाली केला.

खुलासा व्हायला अर्धा तास लागला. बाबा पहिल्या पाच मिनिटांतच हसायला लागले होते, पण आत्याकडे बघून थांबले. आईने माझी जीभ पाहिली, पापण्या ओढून पाहिल्या. मग मावशींनी मला बटाट्यांच्या काट्यावर उभं केलं. वजन दीड किलोने वाढलं होतं. आत्याने दोनदा काटा तपासला. बिचारीने माझ्यासाठी खोली रिकामी करून ठेवली होती.

"मागल्या खेपेला अकरा दिवस तू फोन उचलला नव्हतास," आई हळूच म्हणाली. "वाजतोय म्हणजे बरी असेल, अशी मी मनाची समजूत घालायचे."

 

मग आई मावशींकडे वळली. "राहू दे हिला इथेच. फोन मात्र तुमच्याकडेच असू द्या. मी आठला करत जाईन."

मी जिंकले! आत्या रिकामी सुटकेस घेऊन परत गेली.

याला आता तीन आठवडे झाले. तब्येत ठणठणीत आहे, अभ्यासही चाललाय. फक्त परवा बुधवारी एकाएकी घरची आठवण आली आणि आईशी बोलल्याशिवाय चैन पडेना. आठ वाजून गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. मावशी स्टुलावर बसून माझ्या फोनवर खो खो हसत होत्या.

"आई आहे ना? मला देता जरा?"

मावशींनी मला हाताने थांबवलं. "मुलगी आलीय खाली, बोलायचंय म्हणते," त्यांनी फोनवर सांगितलं, पलीकडचं ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं.

"आई विचारतायत, काही महत्त्वाचं आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "सहजच."

"मग उद्या दुपारी कर म्हणतात. आमचं बोलणं अर्धवट राहिलंय."