विरजणापुरत्या उवा

एका जंगलात, आपल्या गावापासून पार लांब हं, उगाच कुणी अंगाला लावून घेऊ नका, तर एका जंगलात एक शाळा होती. वानरगुरुजी तिथे शिकवायचे. वळवळ करू नका रे. ज्याला डोकं खाजवायचंय त्याने मागे जाऊन बसावं.

त्या शाळेत एकदा सिंहमहाराजांचे चिरंजीव दाखल झाले. सगळे त्यांना छोटे सरकार म्हणायचे. छोट्या सरकारांना नुकती आयाळ फुटत होती आणि त्या आयाळीत उवा होत्या. चांगल्या तिळाएवढ्या. पहिल्या दिवसापासून सरकार कराकरा डोकं खाजवत बसले.

गुरुजींची पंचाईत झाली. महाराज, आपल्या पोराच्या डोक्यात उवा आहेत, असं राजाला जाऊन सांगणार कोण? दोन दिवस गुरुजी फांदीला उलटे लटकून विचार करत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी गुहेवर निरोप धाडला, की छोट्या सरकारांची बुद्धी भराभर वाढते आहे, म्हणून डोकं आतून खाजतं. महाराज खूश झाले. त्यांनी गुरुजींना एक अख्खं जांभळाचं झाड बक्षीस दिलं.

मग काय विचारता! जो तो आपल्या पोराला छोट्या सरकारांना चिकटवून बसवायला धडपडू लागला. पंधरा दिवसांत हरणाची, सशाची, कोल्ह्याची, झाडून सगळी पोरं खाजवू लागली. आमच्या धाकट्याचं हातांनी भागत नाही, मागचा पायसुद्धा लागतो, असं सशीण पाणवठ्यावर सांगत फिरायची. मेलीचा तोरा काय वर्णावा.

भागाबाई अस्वलीण पाणवठ्यावरच्या गप्पांत नसायची. तिला एकुलती एक लेक, ठकू. ठकूने शिकून शहाणं व्हावं, एवढीच तिची इच्छा. लेक खाजवायला लागली तशी भागाबाईने तिला पुढ्यात ओढून घेतलं. अस्वलाचे केस ते, तुम्हीच विचार करा. तिने तेल चोपडून बट न् बट सोडवली, बारीक दातांची फणी फिरवली, लिखा नखांनी ओढून काढल्या. अंथरुणाचा पाला उन्हात टाकला. स्वतःचंही डोकं विंचरून घेतलं. दर तिसऱ्या दिवशी हाच उद्योग, असे दोन आठवडे. शेवटी ठकूच्या डोक्यात औषधालाही ऊ उरली नाही. भागाबाईला वाटलं, सुटलो एकदाचे. बिचारी.

मग परीक्षा आली. ठकूने सगळी उत्तरं बरोबर दिली, पण हात मांडीवर ठेवून. दुसऱ्याच दिवशी गुरुजींनी भागाबाईला बोलावून घेतलं.

"बाई, मुलगी गुणी आहे. पण डोकं चालत नाही तिचं. अमावास्येपर्यंत सुधारणा दिसली नाही, तर नाव काढावं लागेल."

"पण गुरुजी, उत्तरं तर सगळी बरोबर आली."

"तेच तर म्हणतो मी. न खाजवता आली, म्हणजे पाठ केलेली असणार."

बुद्धी म्हणतात ती चीज भागाबाईने स्वतः अंगठ्याच्या नखावर चिरडली होती. पण ते सांगितलं असतं तर ठकू त्याच दिवशी घरी बसली असती. भागाबाई तडक शेजारच्या चंद्राक्का कोल्हिणीकडे गेली.

"अक्का, थोड्या उवा द्या हो. विरजणापुरत्या दिल्यात तरी चालतील. पुढचं मी घरी बघेन."

चंद्राक्काने आभाळाकडे पाहिलं. दिवेलागण झाली होती. तिन्हीसांजेला मीठ, दही आणि उवा घराबाहेर देत नाहीत, लक्ष्मी जाते, असं ती म्हणाली. शिवाय मागे साळिंदरीण चांगल्या मूठभर घेऊन गेली होती, ती त्यानंतर तोंड दाखवायलाही आली नव्हती.

भागाबाई सकाळी पुन्हा गेली. तेव्हा कुठे अक्काने आपल्या धाकट्याच्या डोक्यातल्या चार निवडून पळसाच्या पानात बांधून दिल्या. आठ दिवस पोरीच्या डोक्याला पाणी लावू नकोस, असंही बजावलं. नव्या जागी रुळायला त्यांना वेळ लागतो म्हणे.

ज्या हातांनी एकेक काढली होती, त्याच हातांनी भागाबाईने त्या चार लेकीच्या केसांत सोडल्या. तिला रडू फुटलं. ठकूने विचारलं तेव्हा म्हणाली, डोळ्यात कचरा गेला.

अमावास्येला पुन्हा परीक्षा झाली. ठकू दोन्ही हातांनी खाजवत होती. त्या नादात तिला एकही प्रश्न धड ऐकू आला नाही, आणि तिचा पहिला नंबर आला. गुरुजींनी कौतुकाने तिची पाठ थोपटली, काठीने, लांबून.

घरी येऊन ठकू आईच्या मांडीवर डोकं टेकून पडली. मानेवर नखांचे लाल ओरखडे उठले होते. भागाबाईचा हात सवयीने तिच्या केसांत गेला. मग तिने तो मागे घेतला.

"आई, आता काढ ना गं त्या. फार चावतात."

"शिक्षण पुरं होऊ दे, बाळ. मग एकूण एक काढीन."

"कधी पुरं होतं ते?"

भागाबाई बोटांवर वर्षं मोजू लागली. दोन्ही पंजांची बोटं संपली, तरी वर्षं उरलीच.

तात्पर्य: लेकराच्या डोक्यात उवा झाल्या तर घाईघाईने फणी हातात घेऊ नये. आधी राजाचं पोर विंचरलेलं आहे का, ते बघून यावं. नसेल, तर आपल्या लेकराला खाजवू द्यावं आणि चारचौघांत त्याचं कौतुक करावं.