सात नंबरच्या खोलीतला बुधला

रादोय्काबाईंना खोटा विनय अजिबात नव्हता. कॉलेजच्या दवाखान्यात बत्तीस वर्षं पोरांना सुया टोचल्यावर तो उरणार तरी कुठे? सप्टेंबरात त्यांनी डॉक्टर तिहोमिरना ठणकावून सांगितलं, "मला एक खोली द्या, सहा महिने द्या आणि मधेमधे तोंड घालू नका. ही पोरं निम्म्याने कमी प्यायला लागली नाहीत, तर नाव बदलून ठेवा माझं."

खोली मिळाली सात नंबरची. आधी तिथे मोडक्या खुर्च्या असायच्या. पोरगं सर्दीला येवो की मुरगळलेल्या पायाला, बाई त्याला दहा मिनिटं समोर बसवायच्या. किती पितोस, कोणाबरोबर पितोस, दुसऱ्या दिवशी काय होतं? उपदेश एका अक्षराचा नाही. शेवटी टेबलावरच्या बिनलेबलाच्या बाटलीतून त्याला पाणी ओतायला सांगायच्या. "तुझा एक पेला म्हणजे किती, दाखव बघू." पोरगं ऐटीत ओतायचं. बाई मापून दाखवायच्या की बाळा, हा तुझा एक म्हणजे तीन आहेत. पोराचा चेहरा खर्रकन उतरायचा. बाईंच्या मते एवढं गुणकारी औषध साऱ्या दवाखान्यात दुसरं नव्हतं.

आणि गुण आला की हो! इतका आला की तिथेच घोळ झाला. मोरावा नदीकाठच्या त्या मुलखात कोणी आपलं भलं केलं, तर त्याच्याकडे रिकाम्या हाताने जायची पद्धत नाही. आणि हातात काय असतं, तर घरच्या भट्टीची दारू, राकिया. आलुबुखाराची, पाण्यासारखी स्वच्छ, घशातून जाताना निखारा.

"मावशी, तुमच्यामुळे मी आता शनिवारी दोनवरच थांबतो," असं सांगून पोरगं दप्तरातून बाटली काढायचं. "हे बाबांनी पाठवलंय. खूप खूश आहेत."

नको म्हणावं, तर बापाचा अपमान. मोरीत ओतावी, तर कोणाच्या तरी वर्षभराच्या कष्टावर पाणी. बाई स्वतः भट्टीवाल्याची नात, त्यांचा हात होईना. बाटल्या कपाटात कापसाच्या गुंडाळ्यांमागे जाऊन बसू लागल्या. मार्चपर्यंत एकोणीस झाल्या. योजना फळाला आल्याचा इतका सज्जड पुरावा दुसरा नव्हता, फक्त तो अहवालात लिहायची सोय नव्हती.

अशात वरच्या कचेरीतून पत्र आलं. गुरुवारी दहा वाजता तपासणी. सात नंबरची खोली चालू ठेवायची की शेजारच्या दंतवैद्यांना सामान ठेवायला द्यायची, ते त्या दिवशी ठरणार.

नेमका गुरुवार! गुरुवार हा ओग्न्येनचा दिवस होता. शेतकीच्या दुसऱ्या वर्षातला हा उंच, लाजरा मुलगा नोव्हेंबरात बसस्टँडमागे बर्फात पडलेला सापडला होता. दोन दिवस सलाईनवर होता, आणि ते दोन दिवस बाई त्याचा हात धरून बसल्या होत्या. शुद्धीवर आल्यावर तो पहिलं वाक्य बोलला, "मावशी, बाबांना सांगू नका." तेव्हापासून दर गुरुवारी दहाला तो यायचा. कधी मनातलं बोलायचा, कधी नुसता कोंबड्यांविषयी. चार महिने त्याने थेंबाला शिवलं नव्हतं. एकदा जाता जाता म्हणाला, "गुरुवार आहे म्हणून बुधवार निघतो, मावशी." ते वाक्य बाईंच्या काळजात रुतून बसलं होतं. खोली गेली तर या पोराचा बुधवार कसा निघणार, एवढीच एक धास्ती त्यांना होती.

गुरुवारी सकाळी त्यांनी डॉक्टरांना कपाट उघडून दाखवलं. डॉक्टरांनी टकलावरून हात फिरवला. "माझ्यावर सोडा," ते म्हणाले. हे वाक्य ऐकलं तेव्हाच बाईंनी सावध व्हायला हवं होतं.

अठरा बाटल्या डॉक्टरांच्या गाडीच्या डिकीत मावल्या. एकोणिसावी राहिली. ती त्यांनी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवून दिली. तीही बिनलेबलाची, तीही स्वच्छ, कोणाला कळतंय? नेमकं हे बाईंना सांगायचं ते विसरले. बाई आल्या, दोन बाटल्या पाहून म्हणाल्या, "एकीने भागतंय, दुसरी कशाला भरली?" आणि त्यांनी त्यातली एक कपाटात ठेवून दिली. पाण्याची.

दहाच्या ठोक्याला डॉक्टर तपासणीच्या देसांका मॅडमना घेऊन आले. किडकिडीत बाई, हातात फाईल, नाक सर्दीने चोंदलेलं, घशात खोकला अडकलेला. बाईंनी योजना सांगितली. मॅडमच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"ते प्रात्यक्षिक का काय आहे ते दाखवा," त्या म्हणाल्या.

"तुम्हीच ओता ना मॅडम. तुमच्या मते एक पेला."

मॅडमनी ओतलं. चांगला अर्धा ग्लास. त्याच क्षणी आलुबुखाराचा वास रादोय्काबाईंच्या नाकात शिरला. त्या तोंड उघडणार, एवढ्यात मॅडमना खोकल्याची उबळ आली आणि हातातलं 'पाणी' त्या घटाघटा पिऊन गेल्या.

मॅडमचे डोळे मोठे झाले, कान लाल झाले. ग्लास अगदी जपून टेबलावर ठेवून त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "हे एक होतं?"

"तीन होते," बाई पुटपुटल्या. सवयच तशी.

आता सगळं संपलं असं त्यांना वाटलं, तेवढ्यात दार उघडलं. दारात मोठ्या मिशांचा एक शेतकरी उभा, छातीशी वेताच्या जाळीने मढवलेला पाच लिटरचा काचेचा बुधला. मागे ओग्न्येन, बापाची बाही ओढत. "बाबा, आत्ता नको. बाबा, तपासणी आहे."

"मी मिलिसाव. याचा बाप," शेतकरी म्हणाला आणि बुधला मॅडमच्या फाईलवरच ठेवला.

बाईंनी डोळे मिटले. डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागले.

"हे काय आहे?" मॅडमनी विचारलं.

मिलिसावने टोपी काढली. "नोव्हेंबरचं याने मला परवा सांगितलं. बर्फात पडला तेव्हा याच्या पोटात माझ्याच भट्टीची होती हो. मीच बाटली भरून दिली होती. म्हटलं, थंडीत उपयोगी पडेल." तो बाईंकडे वळला. "तुमच्याकडे रिकाम्या हाताने कसा येऊ, ताई? आणि ती तरी कुठल्या तोंडाने आणू? माळ्यावर वाळवलेले आलुबुखार होते. भट्टीच्याच कढईत दोन दिवस आटवले. मुरंबा आहे."

"मुरंबा? बुधल्यात?" बाईंनी डोळे उघडले.

"आमच्या घरात चार पिढ्यांत बरणी कधी लागलीच नाही. बुधले आहेत बावीस. गरम होता तेव्हा नरसाळ्यातून सुरसुर गेला." मिलिसाव ओशाळला. "आता मात्र येत नाही बाहेर."

खरंच येईना. डॉक्टरांनी बुधला उलटा धरला, तर मुरंबा ढिम्म. लांब चिमटा घातला, तो आतच अडकला. मग गरम पाण्याची पिशवी आली. अर्ध्या ग्लासाने गालांवर लाली चढलेल्या मॅडमनी कोट काढून खुर्चीवर टाकला. "अहो, असं नाही. तिरका धरा. ती जीभ दाबायची पट्टी आणा, तिला काठी बांधा." मिलिसावने बुधला मांडीवर घेतला, मॅडमनी तळ धरला, ओग्न्येनने पट्टी आत सारली. दहा मिनिटांनी काळाभोर मुरंबा निघाला, जेमतेम चमचाभर.

तो कोणाला द्यायचा हे कोणी विचारलं नाही. ओग्न्येनने खाल्ला. बाप त्याच्या तोंडाकडे बघत होता.

"गोड झालाय का रे?"

"थोडा करपलाय, बाबा," ओग्न्येन म्हणाला आणि रडायला लागला. मग मिलिसावही रडला. रादोय्काबाई तर केव्हाच्या रडत होत्या. मॅडमनी नाक शिंकरलं, पण त्यांना सर्दी होतीच.

पुढचे आठ दिवस बाईंना अन्न गोड लागलं नाही. डॉक्टरांच्या डिकीतल्या अठरा बाटल्यांचं काय झालं, ते त्यांनी विचारलं नाही आणि डॉक्टरांनी सांगितलं नाही. गुरुवारी पत्र आलं. बाईंनी ते न फोडताच ओग्न्येनकडे दिलं, त्यानेच वाचलं.

"एक, प्रात्यक्षिकातलं पाणी ताबडतोब बदलावं. दोन, बुधल्यातला मुरंबा संपेपर्यंत सात नंबरची खोली कोणालाही देऊ नये."

बाईंचा जीव भांड्यात पडला. ओग्न्येनने बुधला उजेडात धरून पाहिला, मनाशी काही हिशेब केला.

"मावशी, एका खेपेला एक चमचा निघतो. हा संपायला तीन वर्षं तरी लागतील."

"मग घाई कसली आहे?" बाईंनी काठी बांधलेली पट्टी त्याच्या हातात दिली. "बस. आणि लहान चमचा घे."