तुमचे सर गेले

सर गेले, तेव्हा विद्यापीठातल्या चारही विभागांनी एकमेकांना फोन करून कळवलं, "तुमचे सर गेले हो. फार वाईट झालं."

"आमचे कुठले? तुमचेच ना?" असं पलीकडून उत्तर आलं की फोन करणारा गडबडायचा. आता यात दोष तरी कुणाला द्यायचा? सरांची हजेरी वाणिज्य विभागात लागायची, टेबल तंत्रज्ञान विभागाचं होतं, कपाट कला विभागानं दिलेलं, आणि डोक्यावरचा पंखा विज्ञान विभागाच्या मेहेरबानीनं फिरायचा. या सगळ्याला मिळून 'संयुक्त संशोधन केंद्र' म्हणायचे. चार इमारती जिथे जोडल्या होत्या तिथल्या बोळकंडीत हे केंद्र होतं. केंद्रात माणूस एकच, सर. येणारा-जाणारा त्यांच्या टेबलाला खेटून जायचा आणि समजायचा, हे गृहस्थ पलीकडच्या विभागाचे.

सरांच्या संशोधनाचा विषय होता रांग. रांग लवकर हलावी असं दुकानदाराला वाटतं, म्हणून विषय वाणिज्याचा. नंबर पुकारणारं यंत्र तंत्रज्ञानाचं. रांगेतली माणसं काय बोलतात, कशी भांडतात, ते कला विभागाचं. आणि कुणाला किती थांबावं लागेल याचं गणित विज्ञानाचं. विषय सगळ्यांचा, म्हणजे कुणाचाच नाही. बारभाईच्या कारभाराचं जे होतं तेच झालं.

घरी सर मुळातच कमी बोलायचे. बायकोनं कधी विचारलंच, "दिवसभर काय करता हो तिथे?" तर म्हणायचे, "रांगा बघतो."

"आणि?"

"आणि काय? बघतो."

दुकानात गेले की मुद्दाम लांबलचक रांगेत जाऊन उभे राहायचे. "अहो, ती बघा, ती लहान आहे." "असू दे गं. इथे जास्त कळतं." काय कळतं, ते बिचारीला कधी कळलं नाही. शेवटी दवाखान्यातही खुर्च्यांची ओळ निरखून म्हणाले, "इथली रांग चांगली लावलीये," आणि त्यानंतर विशेष काही बोललेच नाहीत.

शोकसभेचं बोलावणं करायला हेडक्लार्कचा फोन आला. त्यानं सुरुवातीलाच "वहिनी" म्हटलं आणि तेव्हापासून सगळं विद्यापीठ त्यांना वहिनी म्हणायला लागलं. तोवर त्यांना तिथे कुणी पाहिलंसुद्धा नव्हतं. फोन ठेवून वहिनी नणंदेला म्हणाल्या, "वन्सं, मी जाणार. मला फुलं नकोत, भाषणं नकोत. हा माणूस जन्मभर रोज सकाळी डबा घेऊन तिथे जात होता. तिथे तो कसा होता, एवढंच ऐकायचंय. कुणी एक खरी गोष्ट सांगितली तरी पुरे."

"मी येते बरोबर," वन्सं म्हणाल्या. "तू कुणाला काही विचारायची नाहीस. तुझ्या तोंडाला कुलूप."

वन्सं भावाच्या दिवसांना आल्या त्या राहिल्याच होत्या. दोघी संध्याकाळ झाली की घरात भिंत चाचपत फिरायच्या, कारण सर गेले त्याच आठवड्यात मधल्या खोलीतला दिवा गेला होता. नवा दिवा कपाटात होता, स्टूल कोपऱ्यात होतं. पण सरांना उंचावर भोवळ यायची, त्यामुळे इतकी वर्षं चढायच्या वहिनी आणि वाकड्या करंगळीसकट दहा बोटांनी स्टूल धरून सर म्हणायचे, "धरलंय मी. चढ तू." आता धरणारं कुणी नव्हतं. वन्संना विचारलं तर म्हणाल्या, "माझे गुडघे बघ. मलाच धरायला माणूस लागतं."

सभागृह कला विभागाचं होतं, पडदा विज्ञानाचा, प्रोजेक्टर तंत्रज्ञानाचा आणि लॅपटॉप वाणिज्याचा. त्यामुळे पडद्यावर काहीही दिसत नव्हतं. तंत्रज्ञानाचे विभागप्रमुख खाली बसून एक वायर दुसरीत खुपसत होते आणि वर न बघता म्हणत होते, "पाच मिनिटं, फक्त पाच मिनिटं."

"तोवर भाषणं सुरू करू या," हेडक्लार्क म्हणाला. "सरांचा फोटो मागाहून येईल."

वाणिज्याचे प्रमुख उठले. "सर खोलीत आले की खोली जागी व्हायची! दारातूनच ओरडायचे, 'काय मंडळी, आज कुणी उजेड पाडला का?' आणि आम्ही सगळे हसत सुटायचो."

वहिनींनी वन्संकडे पाहिलं. वन्संनी वहिनींकडे.

"दादा ओरडायचा?" वन्सं पुटपुटल्या.

"घरी दूधवाल्याला हाक मारायची तरी मला सांगायचे."

मग कला विभागाच्या बाई उठल्या. त्यांनी आधी डोळे पुसले. "काय गळा होता त्यांचा! जिन्यात गाणं ऐकू आलं की समजायचं, आले. मी तर त्यांना म्हणायचे, तुम्ही चुकीच्या कामात पडलात."

"गाणं?" वन्संच्या भुवया कपाळावर गेल्या. "वहिनी, आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी गायलेलं नाही."

वहिनींचं तिकडे लक्षच नव्हतं. म्हणजे हसणं होतं, गाणं होतं, सगळं होतं या माणसापाशी. ते सगळं इथे वाटून रिकामा होऊन घरी येत होता. आपल्या वाट्याला फक्त रिकामा डबा. त्यांना सरांचा राग आला, आणि ज्याच्यावर रागवायचं तो माणूसच नाही म्हणून रडूही आलं.

तेवढ्यात विज्ञानाचे प्रमुख बोलायला लागले. हे फार हळवे गृहस्थ. "चहाला बसले की मुलींचं कौतुक सुरू व्हायचं. थोरली नर्स झाली तेव्हा तर सगळ्या प्रयोगशाळेत सांगत फिरले. तिन्ही मुलींवर भारी जीव होता त्यांचा."

वन्संच्या हातातली पर्स खाली पडली.

"मुली? तीन?" त्या वहिनींच्या कानाला लागल्या. "वहिनी, मला खरं सांग, शनिवारी दादा उशिरा यायचा ना गं?"

"वन्सं, गप्प बसा."

"गप्प काय बसा! थोरली नर्स झाली म्हणे. आणि सख्ख्या आत्याला पत्ता नाही!"

वहिनींना मात्र दुसरंच काही सुचलं, आणि ते वन्संच्या संशयाहून वाईट होतं. त्यांना मूल झालं नव्हतं. सरांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. "तू आहेस ना," एवढंच एकदा म्हणाले होते. मग घरी नव्हत्या म्हणून इथे येऊन तीन मुली मनातल्या मनातच वाढवल्या की काय ह्यांनी? थोरलीला नर्ससुद्धा केलं? त्यांनी पदराचा बोळा करून तोंडाशी धरला. एक खरी गोष्ट ऐकायला आल्या होत्या. असली ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

"अरे, वायरमनला बोलवा रे कुणीतरी!" तंत्रज्ञानाच्या प्रमुखांनी शेवटी हात टेकले.

वायरमन शिडी घेऊन आला. त्यानं शिडी पहिल्या रांगेपुढे, वहिनींच्या अगदी समोर उभी केली, वर चढला, छताशी टांगलेल्या प्रोजेक्टरच्या मागे हात घातला, काहीतरी पिळलं, आणि पडदा एकदम उजळला.

पडद्यावर भला मोठा हसरा चेहरा होता. खाली सरांचं नाव, आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली'.

तो चेहरा सरांचा नव्हता.

वहिनींनी पडद्याकडे पाहिलं. मग शिडीवर पाहिलं. पडद्यावर जे नाक होतं तेच शिडीवर होतं. डाव्या गालावरचा मससुद्धा तोच.

त्याच क्षणी वायरमननं मान वळवून पडद्याकडे पाहिलं. "आई गं!" तो म्हणाला, आणि शिडी डगमगली. वहिनी झटकन उठल्या आणि दोन्ही हातांनी शिडी धरली. "सावकाश! धरलीये मी."

झालं! पहिल्या रांगेत खुद्द वहिनी उभ्या राहिलेल्या पाहून मागच्यांना वाटलं, आता मौन. वाणिज्य उठला, कला उठली, विज्ञान उठलं, तंत्रज्ञान गुडघ्यावरून उठलं. हेडक्लार्क घाईघाईनं म्हणाला, "दोन मिनिटं शांतता पाळू या," आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या.

वायरमन शिडीवरच अडकला. मौन चाललेलं असताना उतरायचं कसं? तो आपल्याच श्रद्धांजलीखाली हात जोडून उभा राहिला. एवढ्या सभागृहात एकानंही मान वर करून तो फोटो आणि तो माणूस एकत्र पाहिला नाही.

"ताई," तो वरून कुजबुजला, "तो मी आहे."

"कळलं मला."

"मी जिवंत आहे हो."

"दिसतंय. हलू नका."

"तुम्ही सरांच्या घरच्या का?"

वहिनींनी मान डोलावली. त्यांना एक गोष्ट विचारायची होतीच, आणि त्यांच्या तोंडाचं कुलूप आता राहीना. "तुम्हाला मुली किती?"

वायरमनला हा प्रश्न मौनात अपेक्षित नव्हता. "तीन. का हो?"

"गाता का तुम्ही?"

"जिन्यात. आवाज घुमतो तिथे."

वहिनींनी डोळे मिटले. केवढं तरी ओझं उतरलं आणि त्याच जागी दुसरं येऊन बसलं. म्हणजे ते हसणं, ते गाणं, त्या मुली, काहीच सरांचं नव्हतं. इतकी माणसं बोलली, आणि सरांबद्दल एकानंही चकार शब्द काढला नव्हता. कारण त्यांना कुणी पाहिलंच नव्हतं.

शिडी जरा थरथरत होती. वायरमनला वरून दिसलं की थरथर शिडीची नाही.

"ताई, रडू नका," तो म्हणाला. "सरसुद्धा असंच धरायचे."

"काय?"

"शिडी. मी बोळकंडीत काम काढलं की टेबल सोडून उठायचे. म्हणायचे, धरलीये मी, चढ तू. मी म्हणायचो, राहू द्या सर, तुमचं काम आहे. तर म्हणायचे, काम कुठे पळून जातंय? ताई, ह्या चार इमारतींत माझी शिडी दुसऱ्या कुणी धरली नाही. लोक खालून वाकून जातात, बस." त्यानं खाली वहिनींच्या हातांकडे पाहिलं. "ते तिथे काय करायचे ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, खरं सांगतो. पण माणूस धरून उभा असायचा. मला या सभेचं कुणी सांगितलंच नाही, नाहीतर मी आधीच आलो असतो."

"धन्यवाद," हेडक्लार्क म्हणाला आणि खुर्च्या करकरल्या.

घडलं होतं ते असं. चारही विभागांत सरांचा एकही फोटो नव्हता. वहिनींकडे मागावा, तर 'इतक्या वर्षांत तुमच्याकडे एक फोटो नाही?' असं त्यांनी विचारल्यावर काय सांगायचं? हेडक्लार्कला कपाटात केंद्राची पाटी लावतानाचा एक फोटो सापडला. पाटी धरून एक माणूस हसत होता. केंद्रात माणूस एकच, तेव्हा हे सरच. खात्री करायला त्यानं तो चारही प्रमुखांना दाखवला. "हो हो, हेच! चेहरा ओळखीचा आहे," चौघंही म्हणाले, आणि खोटं बोलले नाहीत. सरांपेक्षा वायरमन त्यांच्या खोलीत कितीतरी जास्त वेळा आला होता.

"वहिनी, दोन शब्द बोलता का?" हेडक्लार्कनं विचारलं.

वन्सं बोलायला सरसावल्याच होत्या. "मी बोलते! हा जो तुमचा फोटो—" पण वहिनींनी त्यांचा हात दाबला.

"ज्यांना ह्यांच्याबद्दल बोलायचं होतं ते बोलले," वहिनी म्हणाल्या. "मला जे ऐकायचं होतं ते ऐकायला मिळालं. बरं वाटलं." चारही प्रमुखांना भरून आलं. वायरमन शिडी खांद्यावर टाकून दाराशी उभा होता, त्यानं नाक ओढलं.

निघताना हेडक्लार्कनं कागदात गुंडाळलेली फ्रेम हातात दिली. "विद्यापीठाकडून आठवण. पडद्यासाठी नुसता चेहरा घेतला होता, पण फ्रेममध्ये तो बसेना. मग अख्खाच फोटो लावलाय. चालेल ना?"

बस थांब्यावर दोन रांगा होत्या. वहिनी लांब रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. "अगं, ती लहान आहे," वन्सं म्हणाल्या. "असू दे," वहिनी म्हणाल्या. वन्संनी कपाळाला हात लावला आणि त्यांच्यामागे उभ्या राहिल्या.

घरी येईतो सांजावलं होतं. वन्सं सारा रस्ता धुसफुसत होत्या. "त्यांना तोंडावर सांगायला हवं होतंस तू! आणि ही फ्रेम कशाला आणलीस? परका माणूस भिंतीवर लावणार? तोही जिवंत?"

वहिनींनी खिडकीशी जाऊन कागद सोडला. वायरमन शिडीवर उभा राहून पाटी ठोकत हसत होता. वहिनींचं बोट त्याच्यावरून खाली खाली सरकत फोटोच्या अगदी कडेला जाऊन थांबलं. "वन्सं, हे बघा."

तिथे शिडीचा दांडा होता, आणि दांड्याला घट्ट धरलेला एक हात. बाकीचा माणूस फोटोत मावला नव्हता. हाताची करंगळी वाकडी होती.

वन्संनी फ्रेम उजेडाकडे नेली. मग अगदी जवळ. काचेवरून त्या करंगळीवर अंगठा फिरवला.

"ही मीच चेमटवली होती, दारात," त्या म्हणाल्या. "सहा वर्षांची होते मी. दादानं आईला सांगितलं, वाऱ्यानं आपटलं म्हणून." आणि फ्रेम छातीशी धरून त्या ओक्साबोक्शी रडायला लागल्या. वहिनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, आणि मग त्याही रडल्या. सर गेल्यापासून दोघी एकत्र अशा रडल्याच नव्हत्या.

अंधार वाढत चालला होता. जरा वेळानं वन्संनी डोळे पुसले, गुडघ्यांवर हात टेकत उठल्या, आणि कोपऱ्यातलं स्टूल ओढत मधल्या खोलीत आणलं.

"कपाटातला तो दिवा घेऊन ये," त्या म्हणाल्या.

"वन्सं, तुमचे गुडघे—"

"गुडघे जाऊ देत चुलीत." वन्सं खाली वाकल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी स्टूल धरलं. "धरलंय मी, वहिनी. चढ तू."