मेहरूणच्या वाकड्या छपराचं प्रकरण

जळगावात गुन्हे कमी होतात, याचं श्रेय लोक पोलिसांना देतात. मी हरकत घेत नाही. मोठ्या माणसानं मागे राहावं. मी झुलाल, पिंप्राळ्यातला एकमेव खाजगी डिटेक्टिव्ह. माझी नजर घारीची, कान सशाचे आणि स्कूटर भावाची.

सत्त्याण्णव साली प्रमिलाताईंनी मला बोलावलं. त्या आर्किटेक्ट. नोकरी सोडून स्वतःचं ऑफिस काढलेलं, आणि हे पहिलंच मोठं काम. शिरपूरकडचे चुडामणनाना मेहरूणला बंगला बांधत होते. बैलगाडीच्या टपासारखं गोल छप्पर हवं, हा त्यांचा हट्ट. ताईंनी कॉम्प्युटरवर ते काढलंही होतं. पण आदल्या दिवसापासून छप्पर एका टोकाला वर चढायचं. पुसून पुन्हा काढलं, पुन्हा वाकडं.

"संध्याकाळी नाना बघायला येताहेत," ताई म्हणाल्या. "जमलं नाही तर साधा स्लॅब टाकून घेतो म्हणालेत, दुसऱ्याकडून. लोक म्हणतील, हिला छप्परही सरळ काढता येत नाही."

मी चपला बाहेर काढून कॉम्प्युटरच्या खोलीत शिरलो.

"व्हायरस!" मी हेरलं. नाकाला रुमाल बांधला आणि ताईंचे ड्राफ्ट्समन उखर्डू यांना जीभ दाखवायला लावली. जीभ निरोगी होती.

"झुलालभाऊ, हा व्हायरस माणसांना होत नाही," ताई म्हणाल्या.

"म्हणजे तो हुशार आहे."

मग मी समोरच्या गवंड्याची पाणसळ आणून मॉनिटरवर ठेवली. बुडबुडा डावीकडे पळाला. टेबलच वाकडं! पायाखाली वर्तमानपत्राची घडी सारली. टेबल सरळ झालं, छप्पर नाही.

उरला घातपात. गल्लीच्या टोकाला दुसऱ्या आर्किटेक्टचं ऑफिस होतं. तिथे वेषांतर करून, म्हणजे टोपी घालून, गेलो. "या झुलालभाऊ," म्हणत त्यांनी चहा पाजला. चहा इतका चांगला होता, की माझा संशय बळावला.

परतलो तर नाना आणि नानी येऊन बसलेले. नाना पडद्याकडे बघत होते.

"छप्पर वाकडं शे," ते म्हणाले. ताई खाली बघू लागल्या.

नानी मात्र पुढे सरकल्या. "मना निंब वाचना का?"

"वाचला, नानी," उखर्डू म्हणाले. "परवा तुम्ही सांगून गेलात तशी, झाड तोडावं लागू नये म्हणून, मागची भिंत तिरकी सरकवली."



"उखर्डू!" ताई ओरडल्या. "मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही साइटवर होता, नंतर राहून गेलं. आणि या भाऊंनी विचारलं असतं तर सांगितलं असतं. ते जीभच बघत बसले."

ताईंनी डोक्याला हात लावला. भिंती समांतर राहिल्या नव्हत्या. कमानीची लांबी तीच, म्हणून निंबाजवळ जिथे अंतर कमी झालं, तिथे गोलाई उंच. सॉफ्टवेअर बिचारं इमानदारीनं काम करत होतं.

"माले का नही सांगं?" नानांनी विचारलं.

"तुमले काय सांगू? तुम्ही तं निंब तोडी टाकतात!" नानी कडाडल्या. "भीत वाकडी, मंग छप्पर वाकडंच व्हई!"

ताईंनी धीर करून पडद्यावर घर फिरवलं. "उंच टोक निंबाकडे येतं, नाना. तिथे खिडकी ठेवली तर खोलीत बसून झाड दिसेल."

नानांनी बायकोकडे पाहिलं. ती खिडकीच्या जागेवर बोट टेकवून उभी होती.

"ऱ्हाऊ द्या असंच," ते म्हणाले.

"मला हेच सांगायचं होतं," मी म्हणालो. कोणी ऐकलं नाही.

बंगला उभा राहिल्यावर मेहरूणला लोक थांबून बघू लागले. वर्षभरात प्रमिलाताईंकडे तसल्याच छपरासाठी चार घरं आली. त्या सगळ्यांच्या जागा चौकोनी, झाड एकही नाही. भिंती मुद्दाम तिरक्या करता करता बिचारे उखर्डू मेटाकुटीला आले.